बँकेंतील इंग्रजी

बँकेच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलामुलींकडून इंग्रजीची तयारी घरीं कशी करून घ्यावी, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. तिच्यामागें बहुधा एक समजूत असते. इंग्रजी येणें म्हणजे अवघड शब्दांचें पाठांतर आणि फर्डें संभाषण! यांपैकीं पहिल्याचा उपयोग थोडा आणि दुसऱ्याचा त्याहूनहि थोडा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सार्वजनिक क्षेत्रांतील बँकांची भरती २०११ सालापासून सामाईक परीक्षेनें होते. स्टेट बँक तेवढी आपली परीक्षा निराळी घेते. कारकुनी जागांच्या पूर्वपरीक्षेंत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवावयाचे असतात, आणि चुकलेल्या उत्तरापायीं पाव गुण कापला जातो. प्रश्नास ४० सेकंद! एवढ्या अवकाशांत उताऱ्याचा अर्थ लावावयाचा तर रोजच्या वाचनाची संवय हवी. कोशांतून वेंचलेली शब्दांची यादी तेथें फारशी कामास येत नाहीं.

पुढें नोकरी लागल्यावर काय होतें तें पाहा. बँकेचें इंग्रजी हें कायद्याचें इंग्रजी असून त्यांत मोठ्या शब्दांपेक्षां साधे दिसणारे शब्दच अधिक घात करतात. पतिपत्नींच्या संयुक्त खात्याच्या अर्जावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असें असेल, तर दोघांपैकीं कोणासहि पैसे काढतां येतात. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असें असेल, तर ज्याचें नांव पहिलें तोच आपल्या हयातींत व्यवहार करूं शकतो. दुसऱ्याची पाळी त्याच्या पश्चात्. कित्येक घरांत यजमानांचें नांव पहिलें असतें. ते रुग्णशय्येवर पडतात, औषधपाण्यास पैसे हवे असतात, आणि तेव्हां कोठें गृहिणीस कळतें कीं, खात्यावर आपलें नांव असूनहि आपली सही चालत नाहीं. अर्ज भरतेवेळीं खिडकीपलीकडच्या कारकुनानें त्या एका शब्दाचा अर्थ मराठींत सांगितला असता तर हा प्रसंग टळला असता. परंतु त्यासाठीं तो अर्थ त्यास स्वतःस उमगलेला हवा.

दुसरें उदाहरण चेकवरील ‘नॉट निगोशिएबल’ या शब्दांचें. असा चेक दुसऱ्यास देतांच येत नाहीं, असें पुष्कळ सुशिक्षितांसहि वाटतें. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाचें १३० वें कलम तसें म्हणत नाहीं. (येथें ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे वाद्य नव्हे कीं हत्यार नव्हे, तर दस्तऐवज!) चेक देतां येतो, मात्र घेणाऱ्यास देणाऱ्याहून अधिक चांगला हक्क मिळत नाहीं. चेक मुळांत चोरीचा असेल, तर प्रामाणिकपणें घेणाऱ्याचाहि हक्क टिकत नाहीं.

उलट, ग्राहकास स्वतःचा चेक मराठींत लिहिण्याची मुभा आहे, आणि कारकुनी जागांस त्या त्या प्रांताची भाषा येणें आवश्यक मानलें आहे. तेव्हां उमेदवारास हवें आहे तें इंग्रजींतून मराठींत बिनचूक उतरण्याचें कसब. शिकवणीवर्गांत तें क्वचितच शिकवितात. घरीं मात्र सहज साधतें. कपाटांतील मुदत ठेवीची पावती काढावी, तिच्या पाठीमागील अटी मुलास वाचावयास द्याव्या, आणि त्यानें त्या आजीस मराठींत समजावून सांगाव्या. आजीनें शंका काढल्या तर फारच उत्तम. त्यानंतर नॉमिनीचा अर्ज घ्यावा, आणि नॉमिनी व वारस यांतील भेद मुलास विचारावा. या वाचनाला घरांतील वडील मंडळींनींहि बसावें. कारण नॉमिनीस बँक पैसे देते ती मालक म्हणून नव्हे, तर ते वारसांच्या वतीनें स्वीकारणारा म्हणून, हें त्यांच्यापैकींहि थोड्यांसच ठाऊक असतें.