आधी गळती शोधा, मग ट्यूब उघडा!

आपल्याकडे गळणाऱ्या प्रत्येक वस्तूवर एकच रामबाण उपाय आहे. सिलिकॉनची ट्यूब! बेसिन गळतंय? लावा सिलिकॉन. होस्टेलच्या खिडकीतून पाणी येतंय? लावा सिलिकॉन. आणि जुनी व्हॅन गळत असेल तर काय विचारता, दोन ट्यूब लावा! माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीच्या पत्र्याची वाट पाऊस लावतोच, पण गळती न शोधता फासलेलं सिलिकॉन त्याला मदत करतं. आणि निदान इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी तरी या पापात सामील होऊ नये.

उदाहरण घेऊ आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या गाडीचं. 1984 साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, 1988 मध्ये 'ओम्नी' झाली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे सर्वात तरुण ओम्नीसुद्धा आज शाळेत जायच्या वयाची आहे! तरी भाजी, पाव, मंडपाचं सामान, वऱ्हाडी मंडळी असं सगळं वाहत ती अजून गावोगाव फिरतेय. तिचं 796 सीसीचं इंजिन सहज दुरुस्त होतं. पण मजला गंजला की खेळ खलास. कारण सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट शेवटी त्या पत्र्यालाच धरून असतात.

माझा मामा चिपळूणला असतो. कोकणातला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, मस्करी नाही. मामाची बेकरी आहे आणि पाव-टोस्ट दुकानांवर पोचवायला एक जुनी ओम्नी. दोन पावसाळे मागच्या मजल्यावर पाणी साचत होतं, खोक्यांचे तळ भिजत होते आणि दुकानदार माल परत पाठवत होते. गॅरेजमध्ये एकदा सिलिकॉन झालं, मग नवीन रबर झालं, मग पुन्हा सिलिकॉन. पाणी जैसे थे! शेवटी "भंगारात काढा" असा सल्ला मिळाला.

मी सुट्टीत गेले आणि म्हटलं, "मामा, लीक कुठे आहे?" मामा म्हणाला, "अगं, लीक लीक काय करतेस? आधी बघ, ठिबकतंय, ओघळतंय की झिरपतंय?" मी पडले कॉन्व्हेंटची. माझ्याकडे शब्द एकच, 'लीक'. पण विचार केल्यावर कळलं की मामाच्या तीन शब्दांत तीन वेगळी निदानं आहेत. ठिबकतंय म्हणजे वर कुठेतरी भोक आहे. ओघळतंय म्हणजे पाणी दुसरीकडून आत शिरून पत्र्याच्या आतून वाट काढत आलंय. आणि झिरपतंय म्हणजे एखादा सांधा किंवा रबर हळूहळू पाणी सोडतंय.

इथेच सगळ्यांची गल्लत होते. पाणी साचतं तिथून ते शिरलेलं नसतं! ते फक्त सर्वात खोलगट जागी जाऊन बसतं. मामाची गाडी उतारावर नाक वर करून उभी असते, म्हणून तळं मागे. आणि पाणी शिरत होतं कुठून? तर छताच्या कडेला जी पन्हळ असते, तिच्या सांध्यातलं जुनं सीलंट तडकलं होतं. तिथून पाणी छताच्या अस्तरामागे जायचं आणि खांबाच्या आतून ओघळत मजल्यावर यायचं. गॅरेजवाला बिचारा मागच्या दाराच्या रबराशी झटत होता!

पुढे डाव्या बाजूची चटई ओली होती, ती भानगड वेगळीच. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाहीच मुळी. काच खाली-वर होते त्या फटीतून पाणी दारात उतरणारच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते आणि आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद लावलेला असतो, म्हणजे ते पाणी गाडीत येत नाही. मामाच्या गाडीत स्पीकर बसवताना कोणीतरी तो कागद टराटरा फाडला होता. वर तळाची भोकं चिखलाने बुजलेली. काही ठिकाणी तर लोक 'भोक दिसलं' म्हणून याच भोकांना सिलिकॉन लावतात. मग दाराची टाकी होते आणि दार आतून सडतं.

आता शोधायचं कसं? फार अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. चटया, सीट सगळं बाहेर काढा आणि गाडी पूर्ण कोरडी करा. संशय असलेल्या सांध्यांवर आतून खडूची पूड नाहीतर टाल्कम पावडर फासा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दार लावून घ्यायचं. दुसऱ्याने बाहेरून पाइपने हलकी धार सोडायची, पण खालून सुरुवात करून! एका जागी पाचेक मिनिटं, मग थोडं वर. पहिल्यांदाच छतावर पाणी ओतलं तर सगळीकडेच ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. पावडरमध्ये ओघळाची रेघ उमटली की ती वरच्या दिशेने शोधत जायचं. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. अलगद निघाली तर तिथे रबर दाबत नाही. उभ्या गाडीत काहीच सापडलं नाही तर लक्षात ठेवा, धावत्या गाडीत वाऱ्याचा दाब पाणी आत ढकलतो. मग समोरच्या काचेच्या रबरावर संशय घ्या. आणि पाणी रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर तो पाऊस नव्हे, कूलंट आहे. ते विषारी असतं, चाखून बघू नका!

दुरुस्तीतही घाई नको. जुनं सीलंट खरवडायचं, गंज घासून पत्रा स्वच्छ करायचा, प्रायमर मारायचा, मग बॉडीचं सीम सीलंट आणि वर रंग. कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्याच्यावरच सीलंट थापलं तर तो खालून ते उचलतो. आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या पत्र्यावर म्हणजे गंजाला आमंत्रणच! शिवाय सिलिकॉनवर नंतर रंगही नीट धरत नाही. सगळं झालं की पुन्हा पाणी मारून बघायचं. ही शेवटची पायरी सगळे गाळतात.

आता काही जण म्हणतील, गॅरेजवाले फसवतातच! मला तसं वाटत नाही. आपण गाडी टाकतो आणि विचारतो, "अर्ध्या तासात होईल ना?" रबराचे पैसे देतो, ट्यूबचे देतो, पण पाणी शोधण्यात गेलेल्या दोन तासांची मजुरी कोणी देतो का? मग तो माणूस कशाला शोधेल? आणि आपलं तरी काय वेगळं आहे? प्रॅक्टिकलला रीडिंग आलं नाही की शेजारच्याचं उतरवतो, मशीन का अडलं ते बघत नाही. दोष शोधण्याला मार्क नाहीत, म्हणून तो शोधायची सवयही नाही.

असो. मामाची ओम्नी भंगारात गेली नाही. खर्च झाला तो सीलंट, प्रायमर, रंग आणि प्लास्टिकच्या कागदाचा. पुढचा पूर्ण पावसाळा खोकी कोरडी पोचली.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी जुनी व्हॅन असेल, स्टाफपैकी कोणाकडेही असेल. पाऊस सुरू व्हायच्या आधी एक रविवार काढा. दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, पन्हळीतला पाचोळा काढा, चटया उचलून मजला हाताने चाचपा. आणि गाडी गॅरेजला टाकलीच तर "लावा काहीतरी" म्हणू नका. "आधी शोधा, शोधायचे पैसे देते" असं म्हणून बघा!