अदलाबदल : दोन गिटारींची

जबलपूरच्या कमानिया गेटमधून सराफ्यात शिरताना १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. त्या अधिवेशनाच्या स्मृत्यर्थच ही कमान उभी आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र तेथून जाता-येता माझ्या मनात इतिहास नव्हता, दोन इलेक्ट्रिक गिटारी होत्या. एक माझी, पहिल्या पगारातून घेतलेली. दुसरी एका स्नेह्याची. "बदलून घेऊ, वर आठ हजार दे," असा त्याचा प्रस्ताव होता.

सराफाच्या पेढीवर जुनी बांगडी देऊन नवी घेणे त्या मानाने सोपे. वजन होते, कस पाहिला जातो, बावीस कॅरट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध हे ठरलेले असते. घट आणि मजुरी धरली की हिशेब मिटतो. बांगडी आईची होती की आत्याची, हे तराजूला ठाऊक नसते. गिटारीला अशी कसोटी नाही.

माझ्या गिटारीचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे. लोखंडी तारेचे कंपन ते टिपते, आणि त्याबरोबर घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुणही. जुन्या वस्तीतील माझ्या खोलीत ट्यूबलाइट लावली की आधी तीच ऐकू येई. स्नेह्याच्या गिटारीत हंबकर होते : उलट गुंडाळलेली व उलट ध्रुवांची दोन वेटोळी, ज्यांत गुणगुण परस्परांना छेदून जाते आणि तारेचा सूर मात्र एकत्र होतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५० च्या दशकात ही युक्ती साधली. शिवाय तिच्या तारेची लांबी २४.७५ इंच, माझीची २५.५, त्यामुळे तार किंचित सैल, मींड घेणे सुखाचे. पंधरा दिवस ती माझ्याकडे होती.

आपल्या हाती असलेली वस्तू आपणास मौल्यवान वाटते, हे मी जाणून होतो. कानेमान, नेट्श व थेलर यांच्या १९९० मधील प्रयोगात कॉफीचा साधा मग हाती आलेल्यांनी मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणून मी स्वतःस विचारले : यांपैकी एकही माझी नसती, तर आज कोणती घेतली असती? उत्तर प्रामाणिक होते : त्याची.

तरीही मी नकार दिला. कर्जप्रकरण तपासताना आपण प्रथम विचारतो, की गरज नेमकी कशाची आहे. माझी गरज नव्या गिटारीची नव्हती, गुणगुण घालविण्याची होती. पिकअपच्या खोबणीत तांब्याची पट्टी बसवून ती अर्थिंगला जोडली, ट्यूबलाइट बदलली, वाजवताना बसण्याची दिशा थोडी वळवली. खर्च एक हजाराच्या आत. गुणगुण पूर्ण गेली नाही. जुन्या चित्रपटगीतांच्या संथ चालींत ती आता खुपत नाही, एवढेच. मोठ्या आवाजाचे संगीत वाजविणाऱ्याने माझे अनुकरण करू नये. त्याच्यासाठी आठ हजार रास्त होते.

पहिल्या पगाराचा मोह या निर्णयात मुळीच नव्हता, असे लेखापरीक्षकासमोर मी शपथेवर सांगू शकणार नाही.

स्नेह्याने त्याची गिटार पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कोणास दिली. तिची ती सैल तार बोटांना अधूनमधून अजून आठवते.