तबकडी धुवा, आवाज नको

“जुन्या रेकॉर्डी वाचवल्या” असं सांगणारे लोक हल्ली बरेच भेटतात. वाचवल्या म्हणजे काय केलं? माळ्यावरची तबकडी काढली, सदऱ्याच्या बाहीने पुसली, सुई ठेवली, निघेल तो आवाज संगणकात घेतला आणि खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं बटण दाबलं. मग तबकडी भंगारात. याला वाचवणं म्हणायला माझी तयारी नाही.

सॉफ्टवेअर अंदाजाने चालतं. खरखर ज्या उंच स्वरांच्या पट्ट्यात असते, तिथेच तानपुऱ्याची जवारी असते, ‘स’ आणि ‘श’ असतात, कव्वालीतल्या टाळीची धार असते. बटण जास्त दाबलं की खरखरीबरोबर हेही जातं. वर आपणच म्हणतो, त्या काळचं रेकॉर्डिंगच बोदं होतं! मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. ‘मानापमान’ नाटकातलं पदही ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर गाऊन गेलेत, तीन-साडेतीन मिनिटांत. एवढ्याशा ठेव्यातलं आणखी काही पुसून टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

घाण तबकडीवर आहे, तर ती तिथूनच काढा. आपल्या घरांतल्या रेकॉर्डींवर काय साचलेलं असतं? चुलीचा आणि लोबानचा धूर, बोटांचं तेल, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यातली बुरशी. फडकं फिरवलं की वरची धूळ खाचेत आणखी खाली जाते, आणि तशीच रेकॉर्ड वाजवली तर सुई ती धूळ खाचेच्या भिंतींवर घासते.

चष्म्याच्या किंवा सोनाराच्या दुकानात अल्ट्रासॉनिक यंत्र पाहिलं असेल. तेच, फक्त सहा लिटरच्या आसपास टाकीचं. पाण्यात सेकंदाला साधारण चाळीस हजार कंपनं होतात, सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि जिथे ब्रशचा केस पोहोचत नाही तिथली घाण सुटते. शुद्ध केलेलं, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी घ्यायचं, नळाचं नव्हे. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेतच बसतात. साबणाचा फेस नको, सौम्य द्रवाचे दोन-चार थेंब पुरतात. तबकडी उभी, मधलं लेबल पाण्याबाहेर, आणि छोट्या मोटरने अगदी सावकाश फिरती. पाणी कोमट, गरम पाण्यात व्हिनाइल वाकतं. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत वाळवायची. ओरखडे यंत्राने जात नाहीत. जातात असं सांगणारा विक्रेता खोटं बोलतो.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो ते. परदेशी व्हिडिओ पाहून पाण्यात अल्कोहोल मिसळणारे शहाणे आपल्यात निघालेत. अहो, ते व्हिनाइलबद्दल बोलतात! आपल्या माळ्यावरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या आहेत. सुतार लाखेचं पॉलिश कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच ना? मग तुमच्या रेकॉर्डीचं काय होणार? लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये. पाण्यातही ती फार वेळ ठेवू नये, आणि तडा गेलेली तर यंत्रात घालूच नये. आणि व्हिनाइल असलं तरी तापणाऱ्या टाकीत स्पिरिट ओतणं म्हणजे घरात आग लावायची तयारी.

“एवढा खर्च कोण करणार?” हा प्रश्न मला विचारतात ती माणसं उरुसाला डीजेच्या भिंती उभ्या करण्यासाठी वर्गणी काढणारी असतात. इस्माईल आझाद, शकीला बानो भोपाली, युसूफ आझाद यांच्या नावाने उसासे टाकायचे आणि त्यांच्या तबकड्या किलोवर विकायच्या! प्रत्येक घरात यंत्र हवं असं माझं म्हणणं नाही. मोहल्ल्याच्या वाचनालयात एक ठेवा, चार पोरांना शिकवा, तबकडी धुऊन मगच ती संगणकात घ्या. आणि मूळ आवाज जसा निघाला तसा एक प्रत बाजूला ठेवा, गाळणी न लावलेली. उद्या अधिक चांगली गाळणी आली तर तिला गाळायला काहीतरी हवं.

तबकडीही ठेवा. नव्या कागदी पाकिटात. धुतलेली रेकॉर्ड त्याच जुन्या, बुरशी लागलेल्या पाकिटात परत सारणाऱ्याला काय म्हणावं, ते मी इथे लिहीत नाही.