केसांची गोळी आणि बाळाची आकडी

केमिस्टकडे 'केसांची गोळी' म्हणून जी बायोटिन मिळते, ती बहुधा १० मिलिग्रॅमची असते. तिने केस गळणे थांबते का, हा वेगळा विषय आहे. शरीरात या जीवनसत्त्वाची कमतरता नसलेल्या माणसाला तिचा फायदा होतो, असा भक्कम पुरावा नाही. पण काही तान्ह्या बाळांचा मेंदू, कान आणि डोळे याच गोळीवर अवलंबून असतात. आणि नेमकी त्यांनाच ती वेळेवर मिळत नाही.

या आजाराचे नाव बायोटिनिडेज कमतरता. बायोटिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व. शरीर ते एकदा वापरून टाकून देत नाही. बायोटिनिडेज नावाचे एन्झाइम ते सोडवून पुन्हा वापरात आणते. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर बाळात हे एन्झाइम जवळजवळ नसतेच. जन्मतः बाळ ठणठणीत दिसते. पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बायोटिनचा साठा आटतो, रक्तात आम्ले साचू लागतात आणि मेंदूला त्याची झळ बसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात चार महिन्यांचे बाळ आले. आकडी थांबत नव्हती. एक औषध झाले, दुसरे झाले, तिसरे सुरू केले. अंग ढिले, मान धरलेली नाही, श्वास जोरात. तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती लाल पुरळ होते, त्यावर बाहेर बुरशीचे मलम लावून झाले होते. आजी सांगत होती, ''जावळ काढायच्या आधीच केस गळून गेले हो.'' आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. तिसऱ्या दिवशी एका रेसिडेंट मुलीने आईशेजारी बसून नीट विचारले, तेव्हा कळले की पहिला मुलगाही असाच सहाव्या महिन्यात गेला होता. कागदावर न्यूमोनिया लिहिले होते. आणि आईचे लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालेले.

आकडी, पुरळ, गळालेले केस, दगावलेले भावंड, नात्यातले लग्न. पाचही गोष्टी पहिल्या तासात समोर होत्या. आम्ही फक्त आकडीवर उपचार करत होतो.

बायोटिन सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी आकडी थांबली. पंधरवड्यात कातडी स्वच्छ झाली. ऐकू मात्र आले नाही. या आजारात एकदा गेलेली श्रवणशक्ती आणि दृष्टी सहसा परत येत नाही. तो मुलगा आज कानाला यंत्र लावून शाळेत जातो. चारच महिने आधी गोळी मिळाली असती, तर यंत्राची गरजच पडली नसती.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणून सांगावेसे वाटते. नेहमीच्या औषधांना न जुमानणारी आकडी तान्ह्या बाळाला असेल, तर लघवीचा आणि रक्ताचा नमुना घ्या आणि त्याच वेळी बायोटिन सुरू करा. रिपोर्टची वाट पाहू नका. गोळीमुळे रक्तातल्या एन्झाइमची तपासणी बिघडत नाही. लघवीतली आम्ले मात्र झपाट्याने नाहीशी होतात, म्हणून लघवी आधी. निदान चुकीचे निघाले तरी या मात्रेने बाळाचे काही बिघडत नाही. रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून पाठवता येतात. फक्त हे एन्झाइम उष्णतेने मरते. मे महिन्यात दोन दिवस एसटीच्या डिकीत तापलेला नमुना निरोगी बाळालाही आजारी ठरवू शकतो, तेव्हा असा रिपोर्ट आल्यास नवा नमुना थंड ठेवून पाठवावा.

खरे तर आकडी येईपर्यंत थांबायचेच कशाला? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९८४ मध्ये नवजात बाळांची ही तपासणी सुरू केली; आज तिथल्या सगळ्या राज्यांत ती होते. शेजारच्या गोव्यात २००८ मध्ये नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला होता. आपल्याकडे बहुतेक बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, बाळ दोन-तीन दिवस आपल्या हाताखाली असते, टाचेतून चार थेंब घेण्याइतका वेळ नक्की असतो. थायरॉइडसाठी टाच टोचायचीच, तर त्याच कागदावर ही तपासणीही होऊ शकते. साठ हजारांत एक हे जागतिक प्रमाण धरले, तरी वर्षाला पंधरा लाखांहून अधिक जन्म होणाऱ्या महाराष्ट्रात अशी पंचवीसेक बाळे दरवर्षी जन्मत असली पाहिजेत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे, तिथे आकडा वाढेल, कमी होणार नाही. मग ही मुले जातात कुठे? मला वाटते, काही 'फिटची केस' म्हणून, काही 'मतिमंद' म्हणून आणि काही न्यूमोनियाच्या रकान्यात.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक केंद्रांमार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे. ती हवीच. कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकवर्गणी मागणाऱ्या आईबापांची तगमग मी पाहिली आहे. परंतु दुर्मीळ म्हटले की महागच, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के झाले आहे की, दिवसाला काही रुपयांत भागणाऱ्या आजाराकडे धोरण आखणाऱ्यांचे लक्षच जात नाही. बायोटिनची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांना तर केसांचे गिऱ्हाईक पुरेसे आहे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांच्यासाठी थोडे. गोळी जन्मभर घ्यायची, बरे वाटले म्हणून बंद करायची नाही. कच्चे अंडे देऊ नये, त्यातले एक प्रथिन बायोटिन बांधून ठेवते, शिजवलेले चालते. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हाच आजार येण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून त्या बाळाची तपासणी जन्मल्याबरोबर करावी. मोठी भावंडे निरोगी दिसत असली तरी त्यांचेही रक्त तपासून घ्यावे. त्या मुलाच्या आईला वर्षभराने पुन्हा दिवस गेले, तेव्हा आम्ही तेवढे मात्र विसरलो नाही. मुलगी झाली. तिलाही तोच आजार निघाला, पहिल्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. तिला ऐकू येते.