बाथरूमचं दार बाहेर उघडू द्या

तुमच्या घरातलं बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर? जागेवरून न उठता सांगा. ऑफिसच्या ग्रुपवर मी हा प्रश्न टाकला तेव्हा निम्म्या लोकांना उठून बघावं लागलं. उत्तर मात्र जवळजवळ सगळ्यांचं एकच आलं: आत.

विचारायला कारण झालं. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक काका आंघोळ करून निघताना पाय घसरून पडले. वडोदऱ्यातली जुनी टेनामेंट, बाथरूम जेमतेम चार बाय सहाचं, त्यामुळे पडले ते नेमके दाराला पाठ लावून. आतून कडी. लोकांनी धक्के मारून ती उखडली, तर दार त्यांच्याच पाठीला अडलं. जरा जोर लावला की काका आतून ओरडायचे. शेवटी वरच्या झरोक्याच्या काचा काढून शेजारचा कॉलेजातला मुलगा आत उतरला. काका वाचले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन हिंडतात. पण तो पाऊण तास काकूंनी बाहेर उभं राहून कसा काढला असेल, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्याकडे बाबा, म्हणजे माझे सासरे, चौऱ्याहत्तरचे आहेत. रक्तदाबाची गोळी, आणि पहाटे पाचला गार पाण्यानं आंघोळ. बाथरूमचं दार बदलायचं म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी अजून पडलेलो नाही," एवढंच म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला.

मिस्त्रीचं मत आणखी वेगळं. दारासमोर उभं राहून तो म्हणाला, "बेन, बाथरूमनो दरवाजो बहार? आवुं कोई करावतुं नथी." त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. दार बाहेर उघडलं की त्याच्यावरचं पाणी पॅसेजच्या फरशीवर ठिबकतं आणि तिथंच कोणी घसरू शकतं. शिवाय आतल्या माणसानं झटक्यात दार उघडलं तर बाहेरून जाणाऱ्याच्या कपाळाला प्रसाद. आमच्याकडे पाच वर्षांचा धावपटू आहे, म्हणून हा मुद्दा सासूबाईंनीही उचलून धरला. पण या दोन्ही गोष्टींवर उपाय आहेत. आत पडलेल्या माणसामागे अडकलेल्या दारावर बाहेरून काहीच उपाय नसतो.

मग टेप घेऊन बसलो. आणि इथे मला दुसरीच गोष्ट कळली. आपण "अडीच फुटी दार" म्हणतो ते भिंतीतल्या जागेचं माप. आमची जागा ३० इंच. सागवानी चौकटीनं दोन्हीकडून अडीच-अडीच इंच खाल्ले, उरले २५. दार काटकोनात उघडलं की त्याच्या जाडीतला पाऊण इंच वाटेत येतो. हाती लागली सव्वाचोवीस इंचांची वाट. काकांचा वॉकर मी मोजून आले होते: २३ इंच, दांड्यांवरच्या मुठी सोडून. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी वाट किमान ९०० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच. आपल्या जुन्या घरांतली बाथरूमं त्याच्या आसपासही नाहीत.

भिंत फोडून जागा रुंद करता आली असती, पण वरचा लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीत किती टेकलाय ते पाहिल्याशिवाय तिथे छिन्नी लावू नये, आणि त्यासाठी सिव्हिलचा माणूस हवा. माझी बीई कॉम्प्युटरची. आम्ही फक्त चौकट बदलली. जुनी लाकडी चौकट तशीही खालून वीतभर कुजली होती. तिच्या जागी दोन थरांची ग्रॅनाइटची पातळ चौकट बसवली, मसाल्यासकट एका बाजूला पावणेदोन इंच. दाराची खाच बाहेरच्या अंगाला ठेवली. दार पूर्ण फिरून पॅसेजच्या भिंतीला जवळजवळ टेकतं, त्यामुळे ते वाटेतही येत नाही आणि धावपटूच्या कपाळाच्या उंचीवर अर्धवट उघडं उभंही राहत नाही. भिंतीवरचं लोहचुंबक त्याला धरून ठेवतं. मोकळी वाट आता साडेसव्वीस इंच. सव्वादोन इंच मिळाले, पण मुठींसकट वॉकर जाणं आणि न जाणं यात तेवढाच फरक असतो.

बिजागऱ्या कोणत्या बाजूला हे ठरवताना भिंतीवरचं स्विचबोर्ड पाहायला विसरू नका. आमचं बोर्ड उघड्या दाराच्या मागे जात होतं, म्हणून इलेक्ट्रिशियनला आधी बोलावलं.

दार डब्ल्यूपीसीचं घेतलं. फ्लश डोअर बाथरूमच्या पाण्यानं खालून फुगतं, आणि पोकळ पीव्हीसीच्या दारात स्क्रू धड पकडत नाहीत. डब्ल्यूपीसी जड असतं, तेव्हा बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, चार इंची, तीन. तिसरी बिजागरी बरोबर मध्यभागी लावायची पद्धत आहे, पण दाराचं वजन वरच्या बिजागरीला ओढत असतं, म्हणून आम्ही ती वरच्या बिजागरीच्या जवळ घेतली. मिस्त्री इंच सोडून सुतात बोलतो, एका इंचाची आठ सुतं. बाजूंना एक सूत फट, खाली चार सूत. ओळंबा लावून चौकट सरळ आहे का ते त्यानं तीनदा पाहिलं. त्याच्या "कोई करावतुं नथी"बद्दलचा माझा राग तिथेच संपला.

उंबरठा उतरवायला मात्र तो तयार होईना, पाणी बाहेर येईल म्हणून. दीड इंचाचा उभा उंबरठा काढून अर्ध्या इंचाचा उतार करून घेतला आणि आतला ढाळ जाळीकडे वाढवला. पॅसेजमध्ये खाली रबर असलेलं पायपुसणं. पूर्वी दार उघडून ज्या भिंतीला लागायचं ती आता मोकळी झाली, तिथे आधाराची स्टीलची दांडी आली. भोकं पाडण्याआधी नळाचे पाइप कुठून गेलेत ते प्लंबरला विचारून घ्या.

खरी लढाई कडीवर झाली. बाहेरच्या बाजूला खाच असलेलं लॅच मिळतं. खाचेत नाणं घालून फिरवलं की ते बाहेरून उघडतं. मी अनेक घरांत पाहिलंय, असं लॅच बसवतात आणि वर सवयीनं आतून कडीही ठोकतात. मग नाण्याचा उपयोग काय? बाबांना कडी हवी होती. रोज ते ती लावून दोनदा हलवून बघतात. "आत गेल्यावर तरी माणसाला एकटं असू दे," म्हणाले. मला चटकन काही बोलता आलं नाही, कारण ते खरंच होतं.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, दार तुम्हीच लावणार आहात. हाकेला ओ दिलीत तर कोण येतंय नाणं घेऊन?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी अट घातली: आधी तीन हाका मारायच्या, मोठ्यानं, आणि नाण्याला हात फक्त सासूबाईंनी किंवा मी लावायचा. ठरलं. नवीन दाराला कडी नाही.

गेल्या रविवारी त्यांचे मित्र आले होते. चहा व्हायच्या आधीच त्यातल्या एकांना आत उभं करून बाबांनी लॅच लावायला सांगितलं, तीन हाका मारल्या आणि स्वतःच नाण्यानं दार उघडून दाखवलं. सोमवारी त्या काकांच्या सुनेचा फोन आला, मिस्त्रीचा नंबर मागायला.