तोल आकड्यांत नव्हे, क्रमात

भिलाईतील हुडकोसारख्या वसाहतींचा संसार पोलादावर उभा आहे आणि पोलाद खाणींवर. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटल्यापासून दल्ली-राजहराच्या लोहखनिजाने हा कारखाना पोसला. ते साठे ओसरू लागल्याने आता भिस्त आहे ती कांकेर व नारायणपूर जिल्ह्यांतील रावघाटच्या डोंगरांवर. तेथील काही ग्रामस्थांचा आक्षेप आहे, की ग्रामसभेची रीतसर संमती घेतलीच गेली नाही. त्यावर 'कारखाना हवा की जंगल?' असा प्रतिप्रश्न केला जातो. ही मांडणीच सदोष आहे.

कायद्याने अशी निवड करायला सांगितलेलेच नाही. १९९६ च्या वेल्लोर निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाश्वत विकास, सावधगिरी आणि प्रदूषकाकडून भरपाई ही तत्त्वे देशाच्या कायद्याचा भाग मानली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना सामाजिक न्यायाची जोड दिली. ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली; २०१३ मध्ये नियमगिरीचा प्रश्न न्यायालयाने ग्रामसभांपुढेच ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

मग तोल ढळतो कुठे? क्रमात. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची खातरजमा केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्य सरकारवर सोपवली. आधी मंजुरी, मग विचारणा! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प सुरू झाल्यावर दिल्या जाणाऱ्या पर्यावरण मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या. नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला गेला. उभे राहिलेले सार्वजनिक प्रकल्प पाडल्याने जनतेचाच पैसा बुडेल, ही बहुमताची चिंता निराधार नव्हती. परंतु हा पेच उद्भवतो तो विचारणा उशिरा झाल्यामुळेच. भिंत उभी राहिल्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भिंतच देते.

ग्रामसभा म्हणजे विकासाला अडसर, हा समजही तपासून पाहावा. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे त्याच गावाने बांबूची विक्री स्वतः केली आणि जंगलही राखले. विश्वासाने विचारले, तर गावे हिशेब चोख ठेवतात.

पोलाद देशाला हवेच. हुडकोतील नोकरदारालाही ते नाकारता येणार नाही. म्हणूनच फायलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने, मग तो मराठी असो वा अन्य, वृक्षारोपणाचे आकडे पाहण्याआधी एक कागद शोधावा: गोंडी वा हलबीत समजावून सांगितलेल्या प्रस्तावावरील ग्रामसभेचा ठराव, मंजुरीआधीच्या तारखेचा. तो नसेल, तर बाकीची फाईल कितीही जाड असली तरी अपुरीच होय.