दगडावरचा जीआर : पनवेल-उरण पट्ट्यातले शिलालेख आणि गधेगळ का जपायला हवेत?

सरकारी जीआर आज मोबाइलवर एका क्लिकवर मिळतो. हजार-आठशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणात राजाचा हुकूम ताम्रपटावर किंवा दगडावर कोरला जायचा. त्यातले काही दगड आजही गावांत उभे आहेत. पण त्यांची किंमत ना गावाला माहीत आहे, ना यंत्रणेला.

राज्य कोणाचे होते?

इ. स. ८०० च्या सुमारापासून १२६५ च्या सुमारापर्यंत पनवेलसह उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता होती. राजधानी ठाणे, म्हणजे तेव्हाचे श्रीस्थानक. पनवेलशेजारच्या उरण तालुक्यात चाणजे आणि रानवड इथे त्यांचे शिलालेख सापडले. चाणजेच्या एका लेखात शेवटचा राजा सोमेश्वर याने इथल्या बागेचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर मंदिराला दिल्याची नोंद आहे. लेखाचे वर्ष शके ११८२, म्हणजे इ. स. १२६०.

हुकमात काय असायचे?

जमीन कोणाला दिली, सीमा कोणत्या, कर कोणते माफ आणि साक्षीला कोणते अधिकारी, हे सगळे. अनेक दानपत्रांत राजाच्या शिपायांनी त्या जमिनीत पाऊल टाकू नये, अशीही अट असे. १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव राजाने दोन व्यापारी भावांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत जकात माफ केली. आजच्या भाषेत टोलमाफी!

याच काळात युरोपात फ्रँक राजे काय करत होते? शार्लमेन कलमवार फर्माने काढायचा. ती पाळली जातात का, हे पाहायला एक धर्मगुरू आणि एक सरदार अशी जोडी फिरायची. मठांना करमाफी आणि ‘राजाच्या अधिकाऱ्याला प्रवेश नाही’ अशी सनदही मिळायची. दोन्हीकडे राजासमोरचा प्रश्न एकच होता : आपल्या माघारी हुकूम पाळणार कोण?

मग गाढव कशाला?

कोकणात त्यावर काढलेला एक तोडगा म्हणजे गधेगळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, खाली गाढव आणि स्त्रीचा संकर. अर्थ सरळ आहे. चंद्र-सूर्य असेपर्यंत हा हुकूम चालेल. जो मोडेल त्याच्या आईला ही शिवी. वाचता न येणाऱ्यालाही चित्र कळत होते. पण गुन्हा करणार पुरुष आणि अब्रू जाणार त्याच्या आईची, हेही त्याच दगडावर कोरलेले आहे. ते झाकायचे कारण नाही.

रायगड जिल्ह्यातलाच अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी लेख असाच गधेगळ आहे. तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. वर्षाच्या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

आता काय करायला हवे?

कुठे या दगडांना शेंदूर फासला जातो, कुठे अश्लील म्हणून ते बाजूला टाकले जातात. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुना शिलालेख प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत बसतो. मात्र संरक्षण मिळते ते सरकारने तशी अधिसूचना काढल्यावर. बांधावरच्या एकट्या दगडासाठी ती कोण काढणार?

विमानतळ आणि अटल सेतूनंतर या पट्ट्यातली जमीन झपाट्याने हात बदलते आहे. जेसीबीला शिलालेख आणि धोंडा यातला फरक कळत नाही. म्हणून अधिसूचनेची वाट न पाहता ग्रामपंचायत आणि महापालिकेने आपल्या हद्दीतल्या अशा प्रत्येक दगडाचा फोटो, माप आणि लोकेशन नोंदवावे. भराव किंवा बांधकामाला परवानगी देताना ती यादी तपासावी. खर्च फार नाही, एक मोबाइल पुरेसा आहे.

सात-बारा हरवला तर नक्कल मिळते. दगडावरचा लेख फुटला तर त्याची नक्कल कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही.